‘हो’ म्हणजे नव्हता

फेल्डहोवन
शुक्रवार, १३ जून २०२५

श्री. दिलवर पावरा यांस,

काल टिलबर्गला तुमच्या मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि मी “हो” म्हणाले. त्या एका शब्दामुळे हे पत्र लिहावं लागतंय. एरवी चौदा वर्षांनंतर तुम्हाला पत्र लिहायचं मला काही कारण नव्हतं आणि तुम्हालाही ते वाचायचं नसेल.

पहिला कागद मी “प्रिय दिलवर” असं लिहून फाडला. दुसरा “दिलवर, तुला” असा सुरू करून फाडला. कोर्टात एकोणीस वर्षं मी तुम्हाला अरे-तुरे केलं. पट्टेवाल्याला अहो-जाहो करायची आपल्याकडे रीत नव्हती, आणि दुभाष्याचं काम करतानाही तुम्ही पगारपत्रकावर पट्टेवालेच होतात. आता तुमची मुलगी वकील आहे. काल मी तिच्याशी “तुम्ही” म्हणून बोलले. घरी येऊन तिच्या वडिलांना “तू” लिहायला हात उचलेना. तेव्हा तुम्ही. मध्येच कुठं चुकले तर दुर्लक्ष करा.

मी इथं, डचांच्या देशात, कशी, ते सांगते. माझा मुलगा प्रसन्न इथं चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीत आहे. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आले आहे, जुलैअखेर परत. दिवसभर घरात बसून राहणं मला जमत नाही. सुनेची, संपदाची, मैत्रीण मृदुला टिलबर्गच्या एका प्रशिक्षण संस्थेत काम करते. तिथं सध्या तीन आठवड्यांचा एक वर्ग चालू आहे. भारतातल्या आदिवासी भागांत फौजदारी न्यायाच्या कामात असलेली अकरा माणसं आली आहेत, सगळी आदिवासी समाजातलीच. फौजदार आहेत, महिला शिपाई आहेत, कायदेमदतीचे वकील आहेत, दोघं दुभाषी आहेत. साक्षीदाराची बोली एक आणि कोर्टाची भाषा दुसरी असेल तर काम कसं चालवावं, हे शिकायचं. पुढं संस्थेला आपल्याकडे कोणाशी तरी करार करून तिथंच असे वर्ग काढायचे आहेत. मृदुला म्हणाली, “काकू, तुम्ही एकतीस वर्षं सरकारी वकील होतात, एक दिवस येऊन बोला ना.” मी हो म्हणाले. ते हो साधं होतं.

येणाऱ्यांच्या नावांची यादी मी गाडीत वाचली. “रमिला दिलवर पावरा, वकील.” सातपुड्यात दिलवर पुष्कळ आहेत, असं म्हणून मी कागदाची घडी घातली. टिलबर्गला उतरल्यावर प्रवासाचं कार्ड फाटकाजवळच्या यंत्राला लावायचं विसरले आणि परत मागे जाऊन लावलं. हे माझ्याकडून कधी होत नाही.

वर्गात प्रत्येकानं आपल्याकडचा असा एक खटला सांगायचा होता, ज्यात भाषेमुळे काहीतरी बिघडलं. तुमच्या मुलीनं खुमानचा सांगितला. तिनं सांगितला तसा लिहिते, म्हणजे काही कमी-जास्त असेल तर तुम्हाला कळेल. दगडखाणीवरचा चौकीदार मारला गेला. आरोप खुमानवर. त्याची आई जमनाबाई बचावाची साक्षीदार. तिचं म्हणणं, मुलगा रात्रभर घरात होता. सरकारी वकिलानं उलटतपासात काहीतरी विचारलं, जमनाबाई काहीतरी म्हणाली, आणि कागदावर इंग्रजीत असं आलं की आरोपी त्या रात्री घरी नव्हता हे खरं आहे. खुमानला जन्मठेप. तो आत आहे त्याला चौदा वर्षं झाली. जमनाबाई तीन वर्षांपूर्वी वारली. अपील करायला कोणी नव्हतं, शेवटी रमिलानंच केलं, उशीर माफ करून घेऊन. ऑगस्टमध्ये ते सुनावणीला येतंय.

सरकारी वकिलाचं नाव तिनं घेतलं नाही. दुभाष्याचंही नाही. मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. “ओळखलंत का, मॅडम?”

मी नाही म्हणाले.

“तुम्ही मला एकदा कोर्टाच्या व्हरांड्यातून उठवलं होतं. बाबांची वाट बघत अभ्यास करत बसले होते. ‘ही शाळा नाही’ म्हणालात.” मग कपात साखर ढवळत म्हणाली, “आता बघा, तुम्हीच शाळेत आलात.”

आवाज अगदी तुमचा आहे. खालच्या पट्टीतला, आणि राग असला तरी ऐकू येत नाही.

तिनं सांगितलं की साक्षीच्या कागदात फक्त उत्तर आहे. प्रश्न कुठंच लिहिलेला नाही. प्रश्न काय होता हे कळल्याशिवाय उत्तराचा अर्थ लागत नाही. आणि बाबा सांगतात, मॅडम प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर आपल्या वहीत लिहून घ्यायच्या. मग तिनं विचारलं, “मॅडम, त्या वह्या आता नसतील ना?”

मी “हो” म्हणाले.

ती “बरं” म्हणाली, कप ठेवला आणि गेली.

तर वह्यांचं असं आहे की निवृत्तीनंतर मी बिऱ्हाड पुण्याला हलवलं तेव्हा त्या रद्दीत गेल्या. ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. खुशाल असाल.

मालिनी सबनीस


रविवार, १५ जून

श्री. दिलवर यांस,

परवाचं पत्र पोस्टात टाकलेलं नाही. पाकीट आणलं, पत्ता लिहिला, आणि मग तुमच्या पाड्याचा पिनकोड आठवेना. ही सबब आहे हे मला कळतं. पिनकोड फोनवर मिळतो.

काल तुमच्या मुलीचा निरोप आला. जसा आहे तसा उतरवते. “मॅडम, गुरुवारचं तुमचं हो मी लिहून ठेवलंय, पण अर्थ लागत नाही. नाहीत म्हणून हो, की आहेत म्हणून हो? बाबांना फोन केला. ते म्हणाले, मॅडमनाच विचार.”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिच्याकडे गेल्या असणार.

आज सकाळची गोष्ट. नात सलोनी नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डच नाहीतर इंग्रजी. ओट्यावर दुधाचा भरलेला ग्लास दिसला म्हणून मी विचारलं, “तू दूध प्यायली नाहीस?” तर म्हणाली, “यावेल!” आणि सायकल घेऊन पळाली. ‘या’ म्हणजे हो एवढं मला माहीत, म्हणून मी तो ग्लास तिच्या नावानं झाकून ठेवला. तासाभरानं संपदा म्हणाली की तो ग्लास तिचा स्वतःचा होता, सलोनी केव्हाच प्यायली. मी म्हणाले, अगं, ती स्वतः सांगून गेली. तेव्हा संपदानं समजावलं. डच भाषेत साध्या होकाराला एक शब्द आहे आणि कोणी “नाही” धरून प्रश्न विचारला तर तो नकार खोडून होकार द्यायला दुसरा. यावेल म्हणजे, तुम्ही म्हणता तसं नाही, मी प्यायले.

“आणि मराठीत काय म्हणायचं?” मी विचारलं.

“प्यायले की,” संपदा म्हणाली. “नाहीतर नुसतं हो.”

नुसतं हो. मी तिला सांगितलं की ते व्याकरणात बसत नाही. “प्यायली नाहीस?” असं विचारलं आणि समोरचा हो म्हणाला, म्हणजे त्यानं तुमचं म्हणणं मान्य केलं, म्हणजे प्यायली नाही. मी हे कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला शिकले आहे आणि एकतीस वर्षं कोर्टात वापरलं आहे.

मग मी घरात तपासून पाहायला लागले. प्रसन्नला विचारलं, “आज ऑफिस नाही?” तो म्हणाला, “हो.” म्हणजे नाही. रविवारच आहे. दहा मिनिटांनी संपदाला विचारलं, “भाजीत मीठ घातलं नाहीस?” ती म्हणाली, “हो, बघा ना चाखून.” म्हणजे घातलं. एकाच घरात, एकाच सकाळी. दुपारपर्यंत मी असे नऊ प्रश्न विचारले. पाच हो एकीकडे पडली आणि चार दुसरीकडे. शेवटी प्रसन्न म्हणाला, “आई, तुला बरं वाटत नाहीये?” आणि मी हो म्हणाले. त्यानं लगेच डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी फोन उचलला, मला बरं वाटत होतं तरी.

तुम्ही हसत असाल. हसा. मला मात्र काही सुधरत नाही. गुरुवारी मी रमिलाला हो म्हणाले ते कुठल्या बाजूला पडतं? ते म्हणताना माझ्या मनात काय होतं हे मी स्वतःलाच उलटतपासासारखं विचारते आहे, आणि साक्षीदार उत्तर देत नाही.

वह्या रद्दीत गेल्या हे मात्र खरं आहे. जवळजवळ सगळ्या.

मा. स.


मंगळवार, १७ जून

दिलवर,

आज पुन्हा टिलबर्गला गेले. मृदुलानं बोलावलं होतं. लुटुपुटूचं कोर्ट भरवायचं होतं आणि सरकारी वकील म्हणून खरा सरकारी वकील हवा, असं तिचं म्हणणं. मेळघाटची एक महिला शिपाई साक्षीदार झाली, ती कोरकूत बोलणार. वर्गातला एक कोरकू दुभाषी तापानं आडवा होता, म्हणून त्याच्या जागी रमिला उभी राहिली. तिला कोरकू येत नाही. तेव्हा असं ठरलं की शिपाई बाई हळूच मराठीत सांगेल आणि रमिला मोठ्यानं सांगेल. सगळ्यांना गंमत वाटत होती.

शिकवणारी हानेके नावाची साठीची बाई आहे, इथल्या कोर्टांत शपथ घेतलेली दुभाषी. तिनं आधी एकच नियम सांगितला. दुभाष्यानं हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. न्यायाधीशानंसुद्धा. मग दुभाष्यानं कारण सांगायचं, आणि ते कारण कागदावर यायचं.

मी उठले आणि प्रश्न विचारायला लागले. सवय जात नाही. चौथाच प्रश्न होता, “तू त्या दिवशी बाजारात गेली नव्हतीस?”

रमिलानं हात वर केला. “दुभाष्याला प्रश्न दोन्ही बाजूंनी समजतोय. प्रश्न सरळ विचारावा.”

मी म्हणाले, “दुभाष्यानं फक्त भाषांतर करावं. साक्षीदाराच्या वतीनं बोलू नये.”

वर्ग हसला. त्यांना वाटलं मी वठवते आहे. हानेकेनं टाळी वाजवली, अशी अडवणूक करणारा वकील शिकवताना फार उपयोगी पडतो म्हणाली. रमिला हसली नाही. तिचा हात वरच होता.

ते वाक्य कुठलं, हे तुम्हाला सांगायला नको. १८ फेब्रुवारी २०११, दुपारच्या सुट्टीनंतर. तुम्हीही हात वर केला होता. तेव्हा तसा काही नियम नव्हता. तुम्ही पट्टेवाल्याच्या पोषाखात साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभे होतात, आणि वर्गातल्या मुलासारखा हात वर करून म्हणालात, “साहेब, ती होता म्हणते.” मी म्हणाले, “ती हो म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं. घरी नव्हता, असं विचारलं, हो म्हणाली. हो म्हणजे नव्हता.” साहेबांनी तुम्हाला विचारलं, हो म्हणाली की नाही? तुम्ही म्हणालात, “हो साहेब, पण.” पणच्या पुढचं कोणी ऐकलं नाही. मग मी ते वाक्य म्हणाले आणि साहेबांनी तुम्हाला बाहेर जायला सांगितलं. स्टेनोनं पुढचं पान लावलं.

त्याच संध्याकाळी मी तक्रार लिहिली. तुम्हाला ती कधी दाखवली असेल की नाही, मला माहीत नाही. त्यात असं होतं की दुभाषी साक्षीदाराच्याच जमातीचा असून तिच्या तोंडी उत्तरं घालतो, सबब त्यास यापुढे हे काम देऊ नये. अक्षर चांगलं होतं. दिलं नाही त्यांनी काम तुम्हाला. निवृत्त होईपर्यंत तुम्ही फायली उचलल्या. रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवत होतात आणि “मॅडम, पाणी” याखेरीज चार वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मीही बोलले नाही. मला वाटायचं, तुम्ही चुकलात म्हणून खाली बघता.

आज जेवताना मृदुला अडचण सांगत होती. आपल्याकडे वर्ग सुरू झाले की बोली जाणणारे, कोर्टात प्रत्यक्ष काम केलेले शिक्षक लागतील. रमिलानं पावरीसाठी तुमचं नाव दिलंय. संस्थेनं चौकशी केली तर तुमच्या सेवापुस्तकात तो शेरा निघाला. “काकू, तुम्ही तर त्याच भागात होतात,” मृदुला म्हणाली. “अशी तक्रार कोणी केली असेल हो?”

मी डाळीत चमचा फिरवत राहिले. समोर रमिला बसली होती. तिला माहीत आहे. तिनं मृदुलाला सांगितलेलं नाही. ती फक्त माझ्याकडे बघत भात कालवत होती.

निघताना ती स्टेशनपर्यंत सोबत आली. मी विचारलं, एवढं सगळं माहीत असून माझं नाव का घेत नाही? म्हणाली, “बाबा म्हणाले, नाव घेऊ नको. त्यांना बोलायला वेळ दे. तुम्ही उत्तर लिहायच्या आधी थांबायचात म्हणे, पेन उचलून.”

आता लिहितेच. सगळ्या वह्या रद्दीत गेल्या नाहीत. एक इथं आहे. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी, तुम्हीच बाजारपेठेतून आणायचात त्यातली. बॅगेत तळाशी, स्वेटरच्या खाली. बॅग उपसताना संपदानं विचारलं होतं ही कसली, तर तिला सांगितलं की लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण आहे त्यात. चोवीस किलो सामान मोजून घेताना मी चकल्यांचा डबा काढला आणि ही ठेवली. का ठेवली, ते विचारू नका. मला खरंच सांगता येत नाही.

मालिनी


गुरुवार, १९ जून

दिलवर यांस,

त्यात लोणच्याचं प्रमाण नाही.

काल दुपारी सगळे बाहेर गेल्यावर वही उघडली. चौदा वर्षांत पहिल्यांदा, असं लिहिणार होते. ते खरं नाही. निवृत्त झाले तेव्हा एकदा उघडली होती, त्या पानापर्यंत आले आणि मिटली. म्हणूनच ती रद्दीत गेली नाही. पान त्रेचाळीस. जसं आहे तसं उतरवते.

“प्र. १७. रात्री खुमान घरी नव्हता?
उ. हो. (डावा हात कठड्यावर दाबून ठेवला. उचलला नाही.)
दि.: होता म्हणते.”

दि. म्हणजे तुम्ही. आणि समासात, बारीक अक्षरात, “पुन्हा विचारू? होता का, असं सरळ?” ती ओळ खोडलेली आहे. खोडताना मी एकच रेघ मारली. कागदपत्रात तसंच खोडायचं असतं, खालचं वाचता आलं पाहिजे.

म्हणजे मला शंका आली होती. तुम्ही हात वर केलात तेव्हा आली, की म्हातारीचा हात बघून आली, ते वहीत नाही. एवढंच आहे की आली, मी ती लिहिली, आणि खोडली. का खोडली? वाचून वाचून डोळे दुखले. उशीर झाला होता म्हणून? साहेब घड्याळाकडे बघत होते म्हणून? उत्तर आपल्या बाजूचं आलंय, आता हलवू नये, म्हणून? एकतीस वर्षांच्या वकिलीत मी कोणाही नवशिक्याला हे शेवटचंच कारण सांगितलं असतं. हवं ते उत्तर मिळालं की खाली बसावं.

तरी मला एक कळत नाही, आणि हे तुम्हालाच विचारते कारण दुसऱ्या कोणाला विचारू? खुमान होता का घरी? जमनाबाई आई होती. आया मुलांसाठी खोटं बोलतात. मी प्रसन्नसाठी शाळेत आजारपणाच्या चिठ्ठ्या दिल्या आहेत. तिचं “होता” खोटंही असू शकतं. तुम्ही तरी काय सांगणार, तुम्ही तिथं नव्हतात. (मला हो म्हणू नका.) तो तिथं होता की खाणीवर, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण त्याच्या आईनं नव्हता म्हटलं असं कागद सांगतो, आणि ती तसं म्हणाली नाही. निकालात ते वाक्य दोनदा आलंय. मी बघितलं होतं. त्याच निकालाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते इथं प्रसन्नच्या हॉलमध्ये लावलंय, सलोनीच्या पोहण्याच्या प्रमाणपत्राशेजारी.

काल संध्याकाळी जेवताना घरात सांगितलं. प्रसन्नचं म्हणणं तुम्हाला कळलं पाहिजे, कारण तो वाईट मुलगा नाही.

“आई, तुला कोणी विचारलेलं नाहीये.”

“विचारलंय,” मी म्हणाले.

“म्हणजे ऑफिशियली. कोर्टानं. तू रिटायर्ड आहेस. उद्या पेपरात येईल, सरकारी वकिलानं चुकीच्या माणसाला आत टाकलं.”

“चुकीचा होता की नाही ते मला माहीत नाही.”

“मग कशासाठी हे? तुलाच क्लिअर नाहीये.”

मला नाहीच आहे, हे मी कबूल केलं. त्याला वाटलं आपण जिंकलो. लहानपणापासून तो असाच, समोरच्यानं कबूल केलं की थांबतो. कोणासारखा, ते लिहायला नको.

संपदा पोळ्या वाढत होती. ती म्हणाली, “पण तो माणूस अजून आतच आहे?” प्रसन्न ताट घेऊन उठला. थोड्या वेळानं माझ्या खोलीच्या दारात आला आणि शुक्रवारी टिलबर्गला गाडीनं सोडू का, असं विचारलं. मी म्हणाले, रेल्वेनं जाईन, कार्ड लावायचं आता मला येतं.

आज सकाळपासून दोन कागद केले. एक निवेदन, वहीतल्या पान त्रेचाळीसबद्दल. त्यात मत कुठंच घातलेलं नाही. काय विचारलं, काय ऐकलं, काय लिहिलं, काय खोडलं. ते शपथेवर करायला मी परत आल्यावर स्वतः येईन. ऑगस्टच्या तारखेला खंडपीठात उभी राहीन. त्यांनी माझा उलटतपास घ्यावा. दुसरा कागद तुमच्याविरुद्धची तक्रार मागे घेतल्याचा. तो लिहायला जास्त वेळ लागला. “सदर तक्रार गैरसमजातून केली होती” असं आधी लिहिलं. मग ते एका रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, “दुभाष्याचं भाषांतर बरोबर होतं. मी ते थांबवलं.” स्वच्छ प्रत केली नाही. तसाच देते आहे.

माफी मागायची की नाही याचा विचार केला. तुम्ही ती घ्याल की नाही हे विचारायचं कसं, तेच सुचेना. ज्या पद्धतीनं विचारावं त्या पद्धतीनं उत्तर मीच ठरवल्यासारखं होतं. म्हणून विचारत नाही. तुम्हाला बोलायचं असेल ते बोला, तुमच्या बोलीत, पणच्या पुढचं. रमिला मला सांगेल. मी मध्ये बोलणार नाही.

ही सगळी पत्रं तिच्याकडेच देते. पिनकोड नको आणि पोस्टही नको.

आपली,
मालिनी सबनीस


टिलबर्ग
शुक्रवार, २० जून २०२५

दिलेल्या वस्तूंची नोंद

ठिकाण: टिलबर्ग रेल्वे स्टेशन, फलाटावरचं बाकडं. वेळ: दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वर्ग आज संपला. मंडळी रविवारच्या विमानानं परत जातील.

देणार: मालिनी विनायक सबनीस, निवृत्त सरकारी वकील, वय ६९, सध्या मुक्काम फेल्डहोवन.

घेणार: रमिला दिलवर पावरा, वकील, वय २९.

हजर: मृदुला, प्रशिक्षण संस्थेत नोकरी. तिला आज सकाळी सर्व हकिगत सांगितली. तक्रार कोणी केली तेही.

एक. वही, लाल कापडी पाठीची, दोनशे पानी, फेब्रुवारी ते एप्रिल २०११. पानं सगळी आहेत, घेणाऱ्यानं समक्ष मोजली. पान ४३ ला खूण म्हणून आजचं रेल्वेचं वेळापत्रक घातलं आहे.

दोन. निवेदन, दोन पानी, सही केलेलं. शपथेवर करणं बाकी.

तीन. अर्ज, एक पान, खाडाखोडीसह. दोन प्रती, दुसरी झेरॉक्स. एक सेवापुस्तकाला लावण्यासाठी, एक संस्थेसाठी. संस्थेची प्रत मृदुलानं घेतली.

चार. पत्रं चार, दिलवर पावरा यांच्या नावे, एका पाकिटात. पाकीट चिकटवलेलं नाही. घेणाऱ्यानं वाचायला हरकत नाही. बाबांच्या आधी वाचणार नाही, असं ती म्हणाली.

वही उघडून घेणाऱ्यानं पान ४३ बराच वेळ पाहिलं. मग समासातल्या ओळीवर बोट ठेवून देणाऱ्याला एकच प्रश्न विचारला. तो तिच्याच शब्दांत लिहिते.

प्र. ही खोडलेली ओळ तुमच्या हातची आहे?

उ. आहे.